पिवळी खूण

मंगळवार, संध्याकाळ

दुधी धरला! आज खात्रीच झाली. आठ दिवसांपूर्वी अंगठ्याएवढा होता, आता वीतभर झालाय.

महिनाभर नुसती पांढरी फुलं. दोन इमारतींच्या फटीतून ऊन येतं तिकडे वेल बाल्कनीचं ग्रिल धरत आपला आपण गेला. त्याला कळत होतं, आम्हालाच कळत नव्हतं. ज्या कळीखाली फळाची गाठ नाही, ती सासूबाई रोज सकाळी खुडून टाकायच्या. "वांझ कळ्या त्या, वेलाचा जोर खात्यात." मीही मान डोलवायचे. अगं, तीच तर नर फुलं! पराग त्यांच्यातच असतो.

हे समजल्यावर गेल्या सोमवारी शिफ्टहून आले, नुकतंच उमललेलं एक नर फूल तोडलं आणि गाठ असलेल्या फुलात हलकेच फिरवलं. सहाव्या मजल्यावर कुठला किडा येणार? आणि हाताच्या सवयीने खिशातल्या मार्करने देठावर पिवळी खूण केली. कंपनीत बोल्ट तपासून झाला की करते तीच. खूण केली की जबाबदारी माझी.

बारा वर्षं दुसऱ्यांनी जोडलेलं तपासतेय. हे मी स्वतः जोडलं!

सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. राग आला असेल का? पण आज पाहिलं तर चार नर कळ्या वेलावर तशाच होत्या. मी दुसरं फूल जोडून आत वळले, तोच मागून सासूबाईंचा आवाज आला.

"अन् पिवळी खूण कोण करायची?"

खरंच, राहिलीच होती.