चार ट्रकांसाठी कस्टम रंग

२८ सप्टेंबर १९९८, सोमवार
आजपासून रोज लिहायचं. आयुष्य मार्गी लागलं आहे. भिमाजीमामा तिसगावचा मुकादम. दरवर्षी ऊसतोडीला चार ट्रक भरून माणसं पाठवतो, चार कारखान्यांवर. कुणी कुठल्या ट्रकमध्ये बसायचं, याचा तक्ता यंदा मी कंप्युटरवर करणार. जमलं तर मामा ऑफिसात बसवणार. नाही जमलं तर कोयता घेऊन मीही ट्रकमध्ये. मामा थट्टेखोर आहे.

२९ सप्टेंबर
रोज लिहिण्याबाबत फेरविचार. महत्त्वाचं असेल तेव्हाच लिहायचं.

३ ऑक्टोबर
पाथर्डीच्या क्लासमध्ये वृषाली मॅडमनी एक कंप्युटर वापरायला दिला. (कोर्स तीन महिन्यांचा. माझा पाच आठवड्यांत संपला, कारण नंतर गेलो नाही.) एक्सेलमध्ये चार्ट काढला. चार ट्रक, चार उभे बार, खाली नावं. मामाची जुनी पद्धत अशी: ट्रकला लाल, पिवळं, हिरवं, निळं फडकं बांधायचं, आणि माणसांना त्याच रंगाची चिंधी द्यायची. बऱ्याच जणांना वाचता येत नाही, रंग बघून चढतात. ठीक आहे. पण बालवाडी वाटते.

५ ऑक्टोबर, दुपारी
शोध लागला! टूल्स, ऑप्शन्स, कलर. छप्पन्न चौकोन दिसतात. एकावर क्लिक करून मॉडिफाय केलं की रंग आपण बनवायचा. लाल किती, हिरवा किती, निळा किती, शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंत आकडे टाकायचे. म्हणजे त्यांनी दिलेलेच रंग वापरायची सक्ती नाही. हे मला आजवर कुणी सांगितलं कसं नाही? मॅडम म्हणाल्या, सांगितलं होतं, सहाव्या आठवड्यात.

७ ऑक्टोबर
माझी पॅलेट तयार. ट्रक एक: बाजरीची भाकरी. ट्रक दोन: तीच, जरा करपलेली. ट्रक तीन: उन्हातली भिंत. ट्रक चार: सावलीतली भिंत. स्क्रीनवर काय भारदस्त दिसतात!
मॅडमशी किरकोळ गैरसमज. सगळे प्रयोग मी क्लासच्या हजेरीच्या फाइलमध्येच केले. चौकोनातला रंग बदलला की तो फाइलमध्ये जिथं जिथं वापरलाय तिथं सगळीकडे बदलतो, हे मला काय माहीत? गैरहजर मुलं लाल होती, ती भाकरीच्या रंगाची झाली. मॅडम म्हणाल्या, महेंद्र, तू आपण होऊन उठतोस की मेन स्विच बंद करू? मनाने चांगल्या आहेत.

१२ ऑक्टोबर
फ्लॉपी घेऊन नगरला निघालो. कलर प्रिंटर तिथंच. स्टँडवर शिर्डीची गाडी लागली होती. खिडकीची सीट रिकामी.

१५ ऑक्टोबर, शिर्डी
हारफुलांच्या दुकानात मदत करतोय. एका गुलाबात सात शेड असतात. याला अभ्यासदौरा म्हणायला हरकत नाही. मामाचं काम डोक्यात आहेच.

१७ ऑक्टोबर, नगर
प्रिंट निघाले. कागदावर चारही रंग जवळजवळ सारखेच आले. दुकानदार म्हणाला, थांब भाऊ, शाई संपली का बघतो. शाई भरपूर होती. जाणकाराला फरक कळतो.

२२ ऑक्टोबर
तक्ता भिंतीवर लावला, चिंध्यांऐवजी ट्रकच्या रंगाच्या चिठ्ठ्या वाटल्या. झुंबरबाई टोळीत सगळ्यांत जुनी. तिने चिठ्ठी उन्हात धरली, उलटी केली, हुंगली. म्हणाली, म्हेंद्रा, ह्यो रंग हाय का कागद मळलाय? मी समजावून सांगितलं. ती म्हणाली, लाल फडकं बरं हुतं रं. नव्या गोष्टीला वेळ लागतोच. मामाने विचारलं, कुनी चुकणार न्हाई ना? म्हणालो, चुकायला जागाच ठेवली नाही. फडकी मामीने भांडी पुसायला घेतली.

२४ ऑक्टोबर, सकाळी सहा
आज ट्रक निघणार. काचांवर माझे कागद लावले. शांत वाटतंय.

त्याच दिवशी, सकाळी अकरा
एका ट्रकमध्ये ऐंशी माणसं, एकात नऊ. नवरा इकडे, बायको तिकडे, तवा तिसरीकडेच. मामा टपावर चढून दीड तास नावं पुकारत होता. मधेच माझंही घेतलं, पण त्याच्या आधी जे शब्द लावले ते इथं लिहीत नाही. या गडबडीत पहिला ट्रक निघूनही गेला, आणि त्यात बन्सी झोपलेला. बन्सी हा भागिरथीमावशीचा मुलगा. तोडणीत जोडी लागते, जोडीला एक कोयता म्हणतात. मायलेकांचा कोयता तिसऱ्या ट्रकचा. आता मावशी एकटी. मामाने आजूबाजूला बघितलं. मीही बघितलं, कुणी मिळतं का. परत वळलो तर मामा माझ्याकडेच बघत होता.

२९ ऑक्टोबर, उसाच्या फडात
मावशी तोडते, मी मोळ्या बांधतो. हवा छान आहे. हे सगळं तात्पुरतं. मावशी म्हणते, कंप्युटरवाल्या, ही मोळी बांधलीया का नुसती निजवलीया? पाचटाने बोटं कापली आहेत, म्हणून अक्षर असं.

२ नोव्हेंबर
बन्सी आला! म्हणतो, झोप लई झाक झाली. मी पिशवी भरली. पण मामाचा निरोपही त्याच्याबरोबरच आला: ऑफिसात फळा टांगलाय, खडूने भागतंय, घाई करू नको. मावशीला म्हणालो, मग इथंच मदत करतो. ती म्हणाली, नगं बाबा, तू बांधायचं अन् बन्सीनं परत बांधायचं, दिवस पुरत न्हाई.
शेवटी मला कोप्यांवर ठेवलं आहे. माणसं फडात गेली की झोपड्यांपाशी उरतात नऊ लेकरं आणि दोन शेळ्या. सगळं माझ्या ताब्यात. एकूण जबाबदारी वाढली आहे.

त्याच दिवशी, संध्याकाळी
लेकरं मोजली. नऊ भरली. शेळ्या मोजल्या. पुन्हा मोजल्या.