घरपोच शुश्रूषा

सोमवार, ४ मार्च

पोचले एकदाची. लोखंडी पूल ओलांडल्यावर संस्थेच्या ड्रायव्हरने गाडी हळू केली आणि म्हणाला, सिस्टर, डांबर इथे संपलं, आता तुमची नोकरी सुरू. मला हसू आलं. तुझ्या पायाला भिंगरी आहे, असं आई नेहमी म्हणते. पण मोठ्या इस्पितळाच्या वॉर्डात इतकी वर्षं काढल्यावर मला हेच काम हवं होतं. पेशंटने धडपडत आपल्याकडे यायचं नाही, आपणच त्याच्या घरी जायचं.

वस्ती एका बंद पडलेल्या दगडखाणीच्या काठाने आहे. एकच लांब गल्ली, दोन्ही बाजूंना बुटकी घरं. खाणीकडच्या घरांचं परस थेट कड्यावर संपतं. तळाशी हिरवट पाणी साठलंय. वारा सुटला की दगडाची पूड उडते आणि बोलताना दाताखाली कचकचते.

माझी खोली आक्कांच्या घरात. सगळी वस्ती त्यांना आक्काच म्हणते. साठीच्या असतील, बोलणं मोजकं. त्यांचा मुलगा गवंडी आहे, खोली त्यानेच माझ्यासाठी नवी केली. भिंतींना अजून ओला वास येतो. खिडकीला कोरे गज, पलंगावर स्वच्छ चादर. मी कपाटात गॉज, हातमोजे, सलाईनच्या बाटल्या मांडल्या. दुखण्यावरचं मॉर्फिन कुलपात ठेवलं. एखादं दुकान लावावं तशी हौसेने लावत बसले होते.

निघताना संस्थेच्या मॅडमनी सांगितलं होतं की शहरातल्या माणसाच्या हाताला कॅन्सरची गाठ लागली तर आठवड्यात तपासणी होते, आणि या वस्तीतल्या माणसाला गाठ फुटेपर्यंत डॉक्टर दिसत नाही. हा फरक आपल्याला मिटवायचाय. आधीची नर्स एक दिवस फोनवर नोकरी सोडते म्हणाली आणि नंतर तिचा नंबरच लागेना. लग्नबिग्न ठरलं असेल. मी काही तशी जाणारी नाही.

बुधवार, ६ मार्च

घरोघर फिरले. स्वागत कसलं, माणसं तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेली. दार उघडतात, पेशंटकडे बोट करतात आणि मी जाईपर्यंत माझ्या पाठीमागे उभी राहतात.

शिंपीकाकांची जीभ काढली आहे, तीही फार उशिरा. आता गालाला आरपार भोक पडलंय. शिलाईमशीन खाटेशेजारी कापड टाकून झाकून ठेवलंय. जखम धुताना त्यांनी माझ्यावरची नजर हलवली नाही. शेवटी चूळ भरायला पाणी दिलं तर भांडं सोडून माझ्या बुटावर थुंकले. त्यांची बायको बाजूलाच होती. म्हणाली, त्यांचा नेम कधी चुकत नाही.

पलीकडच्या घरातल्या बाईचा नवरा गेल्या वर्षी गेला. ती मला आत येऊ देईना. म्हणाली, आमच्याकडे आता कोणी आजारी नाही, वरातीमागून घोडं नाचवायला आलीस होय?

संध्याकाळी हे आक्कांना सांगितलं, तर कपड्यांच्या घड्या घालता घालता त्यांनी त्यांच्या मुलीची गोष्ट काढली. मुलीच्या काखेत वाटाण्याएवढी गाठ होती. कुठलीशी तपासणीची माणसं वस्तीत आली होती, त्यांनी हात लावून पाहिलं, कळवतो म्हणाली. मुलगी रोज विचारायची, कळवलं का? शेवटी आक्का तिला स्वतः घेऊन गेल्या तेव्हा डॉक्टर यांच्यावरच खेकसला, इतके दिवस झोपला होता का म्हणून. आक्का रडल्या नाहीत. घडीवरून तळवा फिरवत राहिल्या.

म्हटलं, आता मी आहे ना. त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाल्या, हो, आता तू आहेस.

रविवार, १० मार्च

आज सुट्टी. आईला भेटून संध्याकाळी परत येणार होते. पर्स घेऊन पुलाजवळच्या थांब्यावर गेले. तिथे वस्तीतल्या बायका आधीच उभ्या होत्या. मला वाटलं, बाजाराला निघाल्या असतील.

बस आली. मी पुढे झाले तर त्या माझ्याभोवती सरकल्या. धक्का नाही, शिवी नाही. नुसत्या अंगाला अंग लावून उभ्या. मी म्हटलं, जरा सरका, मला चढायचंय. एकीने माझी पर्स खांद्यावरून काढून घेतली, जशी एखादी बहीण ओझं घेते. कंडक्टरने वाकून विचारलं, कोणी येतंय का? शिंपीकाकांची बायको म्हणाली, नाही, जा तुम्ही.

बस गेल्यावर वाट मोकळी झाली. सगळ्या घराकडे वळल्या. पर्स मला आक्कांच्या ओट्यावर मिळाली. त्यातला फोन पाण्याच्या टाकीत होता. आक्का म्हणाल्या, पडला. कुठून पडला, कसा पडला, काही नाही. पडला, आणि पुन्हा भांडी घासायला लागल्या.

माझी चिडचिड झाली. पण खरं सांगायचं तर चिडले त्याहून जास्त घाबरले. गुरुवारी औषधं घेऊन गाडी येते. ड्रायव्हरला सगळं सांगायचं.

गुरुवार, १४ मार्च

गाडी आली होती.

मी शिंपीकाकांच्या घरी होते. हॉर्न ओळखीचा. हातमोजे काढत दाराकडे गेले तर दाराला बाहेरून कडी. जोरजोरात ठोठावलं. त्यांची बायको चुलीपाशी बसून माझ्याकडे बघत होती. म्हणाली, आधी ड्रेसिंग पुरं कर, अर्धं उघडं टाकू नको.

मी खिडकीतून हाक मारली. ड्रायव्हर गल्लीच्या टोकाला होता, आक्का खोकी उतरवून घेत होत्या. त्याने वळून पाहिल्यासारखं केलं. त्याच वेळी माझ्यामागे शिंपीकाकांनी घशातून एक लांब, घोगरा आवाज काढला. ड्रायव्हरने मान फिरवली. तसल्या आवाजाकडे लोक फार वेळ बघत नाहीत. गाडी गेली.

मी ड्रेसिंग पुरं केलं. दुसरं काय करणार होते?

शनिवार, १६ मार्च

सकाळी गवंडी आला. म्हणाला, माझ्या घरी एक पेशंट आहे, बॅग घे. मी म्हटलं, येत नाही. तो दारात उभा राहिला, हाताला सिमेंट वाळलेलं. घाई काहीच नव्हती त्याला. शेवटी गेले.

मागच्या खोलीत माझ्याच वयाची एक मुलगी. एक पाय गुडघ्याखाली वेडावाकडा, सुजलेला, नडगीवर जखम. वास दारापर्यंत येत होता. मी बॅग उघडली, तर ती मला म्हणाली, गॉज आधी सलाईनमध्ये भिजव, कोरडा ओढलास तर सालटं निघेल. कुठल्या शब्दावरून मला कळलं कोण जाणे. मी विचारलं, तू आधीची नर्स का? ती म्हणाली, आधीची कशी, मी अजून आहे.

ती पळाली होती. पुलावरून सोडत नाहीत म्हणून खाणीच्या कडेच्या पायवाटेने. वस्तीतल्यांनी आदल्या दिवशी ती वाट फोडून ठेवली होती. ती खाली पडली, पाय मोडला. त्यांनीच दोर लावून वर काढलं. तिने इस्पितळात न्या म्हणून हातापाया पडून सांगितलं. आक्का तिच्या उशाशी बसल्या आणि त्यांनी समजावून सांगितलं की इस्पितळ लांब आहे, पोचेपर्यंत उशीर होतो, आम्हाला अनुभव आहे.

मॅडमना तो फोन तिने स्वतःच केला होता. गवंड्याने फोन धरला, ती बोलली. मी सोडतेय, दुसरी पाठवा. मला वाटलं तिला मारलं असेल, धमकावलं असेल. नाही म्हणाली. मग का, असं मी तीन-तीनदा विचारलं. ती वैतागली. म्हणाली, दुखत होतं. मला नर्स हवी होती.

मी तिची जखम धुतली. काय करू? धुतली.

सोमवार, १८ मार्च

काल ठरवलं, हात लावायचा नाही. मला जाऊ द्याल तेव्हाच बॅग उघडेन. आक्कांना स्पष्ट सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि कपाटातलं मॉर्फिन काढून घेतलं. किल्ली त्यांच्याकडेही होती, हे मला माहीत नव्हतं.

आज सकाळी दार उघडलं तर अंगणभर खाटा. वस्तीतले सगळे पेशंट उचलून आणून माझ्या दारासमोर मांडलेले, रखरखीत उन्हात. शिंपीकाका. मणक्यात गाठ असलेली एक म्हातारी. यकृताचा कॅन्सर झालेला एक रंगारी, पोट फुगून टम्म. कोणाच्या अंगावर पांघरूण नाही. पट्ट्या कालपासून न बदललेल्या. घरची माणसं मागे भिंतीला टेकून उभी.

मी दार लावून घेतलं. कण्हणं दाराखालून आत येत होतं. कानावर उशी दाबली. रंगारी आईला हाक मारायला लागला. तो आजोबा झालाय आणि आईला हाक मारत होता.

ऊन डोक्यावर यायच्या आत मी बाहेर आले. आक्कांनी माझ्या हातात मॉर्फिनची बाटली दिली. मी एकेकाच्या तोंडात औषध घालत गेले आणि सगळे बघत होते, माझ्याकडे नाही, माझ्या हातांकडे.

बुधवार, २०

मला आता गवंड्याच्या घरी ठेवलंय, त्या आधीच्या नर्सच्याच खोलीत. पेशंट इथे आणतात. अंगणात खाटा कायमच्या मांडल्या.

तिचा ताप उतरत नाही. जखमेचं विष अंगात पसरतंय, हे तिलाही कळतं. आज मी तिला म्हटलं, आपण दोघी मिळून काहीतरी करू, मी तुला धरते. ती हसली. कुठे जाऊ, म्हणाली. तू गेलीस तर मला कोण बघेल? मी तिच्याकडे पाठ करून बसले. नंतर लक्षात आलं, ती माझ्या वेणीचं टोक मुठीत धरून झोपली होती.

शुक्रवार असावा

काल पळाले. पूल दिसेपर्यंत पोचलेही. कोणी मागे धावलं नाही — नुसते आपापल्या दारांत उभे राहिले. पुलाच्या तोंडाशी आक्का स्टूल टाकून बसल्या होत्या. मला म्हणाल्या, ऊन लागेल, चल घरी. त्यांनी माझ्या मनगटाला धरलं. गवंड्याने दुसरं धरलं.

पायाला काही केलं नाही. आक्का म्हणाल्या, पाय मोडून चालणार नाही, मागच्या वेळी चूक झाली, तुझे हात आणि पाय दोन्ही लागतात.

सकाळपासून गवंडी खिडकी बुजवतोय. विटेवर वीट. उन्हाने पेशंटला त्रास होतो म्हणे. मी म्हटलं, माझा श्वास घुसमटेल. तो म्हणाला, वर जरा फट ठेवतो. भला माणूस बोलावा तसा बोलला.

बहुतेक सोमवार

मॅडम आल्या आहेत.

गल्लीत त्यांचा आवाज — त्यांचाच, ते मोठ्याने हसणं. आईने फोन केला असणार. आईने धोशा लावला असणार — विटांच्या फटीतून निळा पदर दिसला. ड्रायव्हरही आहे.

त्या विचारताहेत, सिस्टर कुठे? आक्का सांगताहेत, रविवारच्या बसने गेली, थांबत नाहीत हो पोरी, आमचं नशीब. बायका हो हो करताहेत. मॅडम म्हणाल्या, या मुलींना काय म्हणावं —

ओरडले. दोनदा. मॅडम, मी इथे आहे, मॅडम —

शिंपीकाकांनी सुरुवात केली. तो घशातला आवाज. मग रंगारी. मग म्हातारी. अंगणातली एकेक खाट — सगळे एकदम कण्हायला लागले, किंचाळायला लागले. कालच मी ज्यांची तोंडं पुसली — मी ओरडतेय आणि माझं ओरडणं त्यांच्यातलंच एक झालंय. मलाच ते वेगळं ऐकू येत नाही. आता हीसुद्धा. माझ्या पायांना बिलगून, डोळे मिटून, माझ्यापेक्षा मोठ्याने —

मॅडम अंगणाच्या फाटकाशी आल्या. फटीतून दिसताहेत. रुमाल तोंडाला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आहे. इकडेच बघताहेत, या भिंतीकडेच, मी बोटं बाहेर काढली आहेत, बोटं तरी —

त्या आक्कांचा हात हातात घेऊन म्हणताहेत, केवढं सोसताय तुम्ही लोक. म्हणताहेत, इथे एकीचं काम नाही, माझ्या लक्षातच आलं नाही, या आठवड्यात मी आणखी दोघी