दाब आणि सोड

सोमवार, ४ मे
कन्येला गाडी शिकवण्याचा निर्णय झाला. माझाच. जनावरांच्या दवाखान्यात तिची नोकरी ठरली आहे, पण एक जूनला हातात पक्कं लायसन्स हवं, नाहीतर जागा दुसऱ्याला. बायको ड्रायव्हिंग स्कूलचं म्हणत होती. ड्रायव्हिंग स्कूल! चौकातल्या त्या बाई, खटारा गाडी आणि टपावर लाल पाटी. अशांनी शिकवलेली माणसंच भर रस्त्यात गाडी थांबवून पत्ता विचारतात. म्हटलं, आठवड्यात तयार करतो. बायको हसली. हसो बापडी.

मंगळवार, ५ मे. सकाळी
पद्धत ठरवली. गाडीत लांबलचक वाक्यं नकोत. दोनच शब्द: दाब आणि सोड. मेहुण्याला फोनवर सांगितलं, तर म्हणतो, काय दाबायचं नि काय सोडायचं हे पोरीला कळणार कसं? ज्याच्या गाडीचे गिअर आपोआप पडतात, त्याने या विषयात तोंड घालू नये.

संध्याकाळी
गोदामामागच्या मैदानावर गेलो. गाडी बेडकासारखी उडाली आणि बंद पडली. परत उडाली, परत बंद. कन्येने विचारलं, बाबा, क्लच सोडू की ब्रेक? म्हटलं, अक्कल वापर. वापरत नाही. आईच्या माहेरी तशी पद्धतच नाही.

गुरुवार, ७ मे
सुट्टी. माझा घसा बसलाय. कन्या म्हणते, मी शेजारीच बसलेली असते. मग ऐकू येत असूनही चुकते? हे तर जास्तच गंभीर.

शनिवार, ९ मे
इमारतीच्या फाटकातून बाहेर पडताना तिने ॲक्सिलरेटर जरा जास्तच दाबला. मी ओरडलो, सोड! सोड म्हणजे ॲक्सिलरेटर, हे शेंबड्या पोरालाही कळेल. तिने स्टिअरिंग सोडलं. दोन्ही हात वर, पोलिसांनी धरल्यासारखे. मी आणखी जोरात ओरडलो, अगं सोड! तर म्हणते, सोडलंय ना बाबा!
गाडी फाटकाच्या खांबावर. वॉचमन धावत आला आणि खांब तपासू लागला.
कन्या रडली. मलाही वाईट वाटलं. हेडलाइट नवा होता.

रविवार, १० मे
यापुढे माझ्यासोबत गाडीत बसणार नाही, असं तिने जाहीर केलं. गाढवापुढे वाचली गीता. बायकोने परस्पर त्या स्कूलमध्ये नाव घातलं. घालू दे. पाया मी घातलाय, वर विटा कोणीही रचेल.

शनिवार, १६ मे
सहज चौकात गेलो होतो. काम काही नव्हतं. ती लाल पाटीची गाडी आली. कन्या चालवत होती आणि बाई शेजारी बसून चक्क विणकाम करत होत्या. गाडी वळली, थांबली, मागे आली. बाईंनी सुईवरून नजरसुद्धा उचलली नाही. याला शिकवणं म्हणतात? फुकटचा पगार! मी दुकानाच्या आडून हाताने दाब-सोडच्या खुणा केल्या. कन्येने पाहिलं. पुढची फेरी दुसऱ्या रस्त्याने घेतली.
बायको रात्री म्हणाली, तुम्ही टेस्टला येऊच नका. जाणार. बापाशिवाय पोरीला धीर कोण देणार?

गुरुवार, २८ मे
पास. पहिल्याच फटक्यात. नोकरी पक्की.
परीक्षक म्हणाला, हात फार शांत आहेत हो, कोणी शिकवलं? मी कुंपणाबाहेरून खाकरलो. कन्या म्हणाली, आमच्या बाईंनी, त्या ओरडत नाहीत. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. टोमणा असता तर परवडला असता. फार लागलं.
घरी येताना गाडी तिनेच घेतली. बायको पुढे बसली, मला मागे बसवलं. पोरगी वळणं अशी घेत होती की पोटातलं पाणी हलू नये. छान चालवतेस, असं म्हणायचं होतं. अगदी ओठांवर आलं होतं. तोंडातून निघालं, आरशात बघ जरा, मागे कोण आहे!
तिने बघितलं. तुम्हीच आहात, म्हणाली.