ट्रकला झेपेल तेवढंच

२ मे
कॅम्पर आणला! ट्रकच्या हौद्यात बसणारं अख्खं घर. पलंग, शेगडी, संडास. आता ऑरेगॉनला मेव्हणीकडे, आयडेलाकडे जाऊ, पण तिच्या घरात झोपणार नाही. अकरा वर्षांपूर्वी मी भाजलेल्या मांसाला आयडेला चपलेचा तळ म्हणाली होती. तेव्हापासून माझ्या बायकोला, व्हर्नाला, बहीण दिसलेली नाही. १० जूनला आयडेलाचं हार्टचं ऑपरेशन. त्याआधी पोचवतो, असा तिला शब्द दिलाय.

३ मे
ट्रकच्या दाराच्या चौकटीवरचा पिवळा स्टिकर वाचला. ट्रकवर १४३० पौंडांच्या वर भार नको. माहितीपत्रकात कॅम्पर ११५०. म्हणजे २८० शिल्लक! मला गणित शिकवू नये कोणी.

४ मे
शेजारचा ऑरिन शिकवायला आलाच. धान्याच्या कोठारावर वजनकाटा सांभाळतो, म्हणून शहाणा. म्हणे, डेल्मर, ते रिकाम्या डब्याचं वजन आहे रे. पाणी, गॅस, बॅटरी कोण धरणार? आणि तुम्ही दोघं काय हवेत बसणार? माणसंसुद्धा म्हणे भारात मोजतात. मी काय बटाट्याचं पोतं आहे? हाकलला.

१९ मे
ट्रायल. ट्रकचं नाक वर, दिवे आभाळात, स्टिअरिंग हलकं. मेला हा मोंटानाचा वारा! ट्रक कंपनीला तीन पानी पत्र लिहिलं.

२५ मे
काट्यावर गेलो. ६२० पौंड जास्त. काटा बिघडलाय, हे ऑरिनला सगळ्यांसमोर ऐकवलं.

१ जून
पाणी सोडून दिलं. व्हर्नाचे बिडाचे तवे, खुर्च्या काढल्या. हौद्याचा फाळका काढला. माझी हत्यारांची पेटी राहील. ती नको म्हणणाऱ्याने तोंड बंद ठेवावं.

२ जून
पेटी काढली. स्वतःच्या मर्जीने.

५ जून, सकाळी ८
अजून २६५ जास्त! ऑरिन म्हणाला, जरा खाली उतर बघू. उतरलो. म्हणाला, आता सहा पौंड कमी. म्हणजे मी २७१? लग्नापासून २२० आहे मी! रांगेतले शेतकरी फिदीफिदी हसत होते. एकेकाला सुनावलं. शेजारी बसलेली व्हर्ना माझ्या जागी सरकली, तिने ड्रायव्हरची सीट पुढे ओढली, आरसे नीट केले, ऑरिनला विचारलं, आता चालेल ना? तो म्हणाला, चालेल की, वहिनी. गेली!

५ जून, संध्याकाळी
वळणावरून परत येईल. म्हणून जेवण केलं नाही.

८ जून
फोन आला. पोचली. मी माझा प्लॅन सांगितला: शेगडी काढायची, मी थोडं बारीक व्हायचं, बसने तिकडे जाऊन तिला घेऊन यायचं. नको म्हणाली. घाटसुद्धा मजेत चढले, म्हणाली. एवढ्या रस्त्यात कोणी एकदाही ओरडलं नाही, प्रवास असा असतो हे माहीतच नव्हतं. ऑपरेशननंतरही राहीन. किती दिवस, ते सांगितलं नाही.

तेव्हा मात्र मी ओरडलो. चांगला पाच मिनिटं. तिने फोन केव्हाच ठेवला होता.