करवंदपाड्याचे अठ्ठ्याण्णव गुण

१४ नोव्हेंबर, सकाळी ६.१०
आजपासून नवं आयुष्य. (अलार्म पाचचा होता. पण तासाभराने काही बिघडत नाही.) तारापूरच्या केमिकल कंपनीत चौदा वर्षं सांडपाण्याच्या नमुन्यांच्या बाटल्यांवर लेबलं चिकटवली. बास झालं. राजीनामा दिला. आता मी शाश्वत विकासाचा एआय सल्लागार. दोन दिवसांचा ऑनलाइन कोर्स झाला, सर्टिफिकेट लॅमिनेट करून हॉलमध्ये लावलं. भावनाने विचारलं की तिथलं कॅलेंडर कुठे गेलं, दूधवाल्याचे खाडे आता कशावर मांडायचे. व्हिजन नसणं हा काही बायकोचा दोष नाही. तिला शाळेत सहावीची बासष्ट पोरं सांभाळायची असतात.
संकल्प: रोज पाचला उठणे, रोज डायरी लिहिणे, मार्चपर्यंत पालघर जिल्हा जगाच्या नकाशावर आणणे.

१९ नोव्हेंबर
पहिलं काम मिळालं! मुंबईच्या एका फाउंडेशनला एक आदिवासी पाडा हवाय. मनोरच्या पुढे डोंगरावरचा करवंदपाडा मीच सुचवला. तेवीस घरं, एक विहीर. मी वरून, म्हणजे ड्रोन आणि सॅटेलाइटवरून, पाड्याचे फोटो घेणार. माझं 'हरितनेत्र' नावाचं एआय ते फोटो बघून पाड्याला शंभरपैकी गुण देणार. झाडं किती, तोड किती, आग किती, कचरा किती. गुण सलग तीन महिने ऐंशीच्या वर राहिले की फाउंडेशन विहिरीवर सोलर पंप बसवणार. फाउंडेशनचे हितेशसर म्हणाले, आयडिया क्लीन आहे.
दुपारी पाड्यावर मीटिंग. बचतगटाची सोमी ही तिथली पुढारी. दिवाळी झाली की अख्खा पाडा भिवंडीकडे वीटभट्टीवर जातो. मुकादमाचा ट्रक गुरुवारी यायचाय. मी म्हटलं, यंदा जाऊ नका. फाउंडेशनला नांदता पाडा हवाय. पंप आला की मोगरा लावा, भाजी लावा, भट्टीचं तोंडही बघायला नको. सगळे सोमीकडे बघत होते. तिने काडीने जमिनीवर रेघा मारल्या आणि म्हणाली, "पंप नक्की मिलंल ना? तर आमी गाडी माघारी लावतू."
मी म्हटलं, ९४ टक्के.
हा आकडा कुठून आला ते आठवत नाही. पण आवाज ठाम होता.

२१ नोव्हेंबर
ट्रक रिकामा परत गेला. नेतृत्व म्हणतात ते हेच.

२ डिसेंबर
हरितनेत्राला शिकवणं सुरू. चार हजार फोटो आहेत, प्रत्येकावर लेबल लावायचं. धूर दिसला की 'आग'. छाटलेलं झाड दिसलं की 'वृक्षतोड'. काळी जमीन म्हणजे 'जळीत'. काडीकचरा म्हणजे 'कचरा'. चौदा वर्षांच्या लेबलांचा अनुभव असा कामी येतो.
२१२ फोटो झाले. मान धरली. बाकीचं त्याचं ते शिकेल. एआय असतं कशाला?

१५ डिसेंबर, केळवे
बाबांना भेटायला वाडीवर आलो. जेवताना त्यांना लॅपटॉपवर एक फोटो दाखवला: फांद्या उतरवलेली झाडं, खाली शेतात धूर. हरितनेत्राने लाल चौकोन करून 'वृक्षतोड, आग' लिहिलंय. बाबा म्हणाले, ही कसली आग, हा तर राब. मग अर्धा तास लेक्चर. फांद्या छाटायच्या, झाड तोडायचं नाही. वर्षात ते पुन्हा भरतं. फांद्या, पाला, शेण वाफ्यावर पसरायचं आणि जाळायचं. तण मरतं, किडे मरतात, पावसात त्याच वाफ्यात भाताचं रोप जोमानं येतं. राब नाही तर रोप नाही, रोप नाही तर भात नाही. वर मला विचारलं, तुझ्या डाव्या पायावरचा डाग कशाचा रे? सहा वर्षांचा असताना आपल्याच पेटत्या राबावर धावत गेला होतास ना?
बाबांचं ज्ञान अनुभवावर आधारलेलं आहे, डेटावर नाही. वाद घातला नाही.
सुपारीच्या सावलीत छान झोप लागली.

१० जानेवारी
ड्रोन मनोरच्या रूपेशचा आहे, लग्नाच्या शूटिंगचा. मुहूर्त नसेल त्या दिवशीच मिळतो. रूपेशला सवयच अशी, की पाड्यावरही ड्रोन गोल गोल फिरवून शेवटी सोमी आणि तिच्या नवऱ्यावर झूम केला. सोमी पदर तोंडाला लावून हसली. म्हाताऱ्या पंढरीने विचारलं, तुमच्या इमानाला माणसं दिसतात की नुसती झाडंच. मी म्हटलं, सगळं दिसतं.
गुण ८८! हरितनेत्र आता दर आठवड्याला रिपोर्ट थेट हितेशसरांना ई-मेल करतं. मध्ये माणूस नको म्हणून ही सोय मीच केली. प्रेझेंटेशनच्या सातव्या स्लाइडवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'मानवी हस्तक्षेप शून्य'.

१८ फेब्रुवारी
गुण ६१. 'वृक्षतोड: ४१ ठिकाणी.' मी उठायच्या आधीच रिपोर्ट मुंबईला पोचला होता. (अलार्म सातचा केलाय. पहाटे सर्व्हर स्लो असतो.)

२० फेब्रुवारी
पाड्यावर गेलो. सोमी म्हणाली, तोड कसली, राबाच्या फांद्या उतरवल्या. दरसाल उतरवतात.
म्हणजे बाबांचं जे म्हणणं होतं, ते साधारण त्या दिशेचं होतं म्हणायचं.
दोन मार्ग होते. एक, हरितनेत्राला राब शिकवायचा. पण मग सातव्या स्लाइडचं काय? हितेशसर विचारतील की इतके दिवस काय शिकवलं होतं. दुसरा मार्ग सोपा, तोच घेतला. पाड्याला सांगितलं, यंदा राब भाजू नका. एकच वर्ष.
सोमीने विचारलं, "मंग रोप कुटं करायचं?" मी तिथल्या तिथे एआयला विचारलं. त्याने चार पर्याय दिले. सगळ्यांना पाणी लागतं. मी म्हटलं, बघा, पंप आला की झालंच. पंढरी उठून चालता झाला. सोमी मात्र म्हणाली, आता एवढं थांबलोय तर हेपण करू.
बाई समजूतदार आहे. बदल असाच खालून येतो.

६ मार्च
धूर शून्य! तरी गुण ५८. छाटलेल्या फांद्या न जाळल्यामुळे ढीग पडून आहेत. हरितनेत्राने ते 'कचरा: ६३ ठिकाणी' असे मोजले. मशीनची चूक नाही. लेबल स्पष्ट होतं.

१४ मार्च
काल होळी. कुणीतरी म्हणालं, ढीग पडलेच आहेत, होळीला टाकू. तेवीस घरांच्या राबाच्या फांद्या एकाच होळीत गेल्या. सॅटेलाइट नेमका तेव्हाच वरून गेला. 'भीषण वणवा.' गुण ३१.
मी होळी धरायलाच विसरलो. स्वतः काल बोईसरला आमच्या सोसायटीच्या होळीत नारळ टाकून आलो होतो.

१९ मार्च
हितेशसरांचा मेल. करवंदपाडा स्थगित. पंप केळव्याच्या एका रिसॉर्टच्या 'इको पार्क'ला देत आहेत. तिथल्या लॉनला हरितनेत्राने ९६ गुण दिले. सर म्हणतात, टूल ब्रिलियंट आहे.
भावनाला फक्त शेवटचं वाक्य वाचून दाखवलं. तिने विचारलं, आणि त्या बाईचा पंप?
जरा डोकं दुखत होतं. लवकर झोपलो.

२८ मार्च
सोमीचे तीन फोन. घेतले नाहीत. डोंगरावर नेटवर्क कमजोर असतं, आवाज तुटतो, गैरसमज होतात.

२९ मार्च
चौथा घेतला. विहिरीत दोन हात पाणी राहिलंय. पंप कधी येतोय म्हणाली. मी म्हटलं, प्रक्रिया सुरू आहे.

१२ एप्रिल
पाडा खाली होतोय. भट्टीवर आता कोण घेतं? नवरा-बायकोच्या जोड्या मुकादमाने दिवाळीतच भरल्या. मिळेल तिकडे बांधकामावर चाललेत. पंढरी तेवढा मुलीकडे गेला, त्याला कामावर कोणी घेत नाही.
मोसमी स्थलांतर ही फार गुंतागुंतीची समस्या आहे. एका माणसाने मनाला लावून घेऊ नये. घेतलंच नाही.

९ मे
चमत्कार! करवंदपाडा ८९. रूपेशला लग्नांतून फुरसत नाही, म्हणून नुसत्या सॅटेलाइटवर चाललंय, तरी दर आठवड्याला गुण चढताहेत. धूर नाही, तोड नाही, कचरा नाही. छाटलेल्या झाडांना पालवी फुटली. मॉडेल प्रगल्भ झालंय.

२३ मे
९८!! हितेशसरांचा फोन. 'सर्वाधिक सुधारणा' गटात करवंदपाड्याला सन्मानपत्र, आणि मार्गदर्शक म्हणून माझं नाव. भावनाला सांगितलं. तिने विचारलं, तिथे आता राहतं कोण? असे प्रश्न विचारून ती आनंदावर पाणी फिरवते.
पण मग मलाच सुचलं. ९८ म्हणजे पंपाला पात्र! (तीन महिन्यांच्या अटीत एवढ्या गुणांना सूट मिळेलच.) लगेच फाउंडेशनच्या पोर्टलवर नवा अर्ज टाकला. उद्या सोमीला फोन करायचा. आधी आपल्याच मनात येतं, मग मशीनच्या, हे लक्षात ठेवायला हवं.

२४ मे, सकाळी ९.२०
पोर्टलचं उत्तर आलं. अर्जावर माणसाने नजर टाकायची गरजच पडली नाही, पोर्टललाही आता हरितनेत्रच जोडलंय, त्याने परस्पर निकाल दिला. 'पर्यावरण: उत्कृष्ट. लाभार्थी कुटुंबे: ०. अर्ज बंद.'
सोमीला फोन केला नाही.

२७ मे
सन्मानपत्र कुरियरने आलं. लॅमिनेट करायला दिलं नाही अजून.

३१ मे
आमच्या बिल्डिंगसमोर नवं बांधकाम चालू आहे. मुकादम दिवसभर हिंदीत ओरडतो म्हणून खिडकी लावून घेतो. आज गॅसवाला आला नाही म्हणून खाली उतरलो, तर वाळूच्या ढिगाशी सोमी. डोक्यावर घमेलं. दीड महिना माझ्या खिडकीखाली होती.
तिनेच हाक मारली, दर्पणसाहेब. घमेलं उतरवलं, हात पुसले, घरच्यांची चौकशी केली. मला वाटलं होतं, शिव्या देईल. मी म्हटलं, आता पाऊस आलाच, मग पाड्यावर जाल ना पेरायला? ती म्हणाली, "जाऊन काय करू? राब नाय भाजला यंदा. पेरायचं कुटं?"
काहीतरी बोलायला हवं म्हणून सांगितलं की पाड्याला अठ्ठ्याण्णव गुण पडले. जिल्ह्यात पहिला.
तिचा चेहरा एकदम उजळला. खरंच उजळला. तिने नवऱ्याला हाक मारून सांगितलं, तोही जवळ आला. मग मला विचारलं, "आता धूर नाय, तोड नाय. तुमी सांगितलं तसं समदं केलं. आता मिलंल ना पंप?"
९४ टक्के तोंडावर आलं होतं.
मुकादम ओरडला. तिने घमेलं उचललं आणि वर जाताना माझ्याकडे वळून बघत राहिली, उत्तरासाठी. मी हात हलवला. तिला तो होकार वाटला असणार.
वर येऊन खिडकी लावली. डाव्या पायावरचा डाग खाजतोय.