निन्योचे बूट

दुमागेते, ता. ४ ऑक्टोबर १९७८

चि. पेता हिस, तुझ्या थोरल्या भावाचे, मानोय अनाक्लेतोचे अनेक आशीर्वाद.

आज पहाटे अर्धवट जाग असताना आईच्या हातोडीचा आवाज ऐकू आला. टुक टुक, मग थांबणं, मग पुन्हा टुक. जानेवारीचा सण जवळ आला की ती ओठांत बारीक चुका धरून अंगणात बसायची आणि आपल्या लाकडी बाळ येशूसाठी, निन्योसाठी, नवे बूट ठोकायची. आपण दोघं तिच्या पुढ्यात. जुने बूट ती आपल्याला उलटे करून दाखवायची. टाच झिजलेली, झग्याच्या काठाला कुसळं. म्हणायची, बघा, रात्रीचा कुठे कुठे हिंडून आलाय, कुणा आजाऱ्याच्या उशाशी बसून आलाय.

ती गेल्यापासून तो एक वर्ष तुझ्याकडे, एक वर्ष माझ्याकडे. दर वेळी धक्क्यावर हवाली करताना तू जुने बूट दाखवतेस, आणि ते बघवत नाहीत. गेल्या खेपेला डाव्याला चक्क भोक होतं. माझ्याकडे जानेवारीत नवे घालून आला, आज ऑक्टोबर उजाडला तरी तळव्यावरची खडूची रेघसुद्धा पुसलेली नाही. काचेच्या कपाटात ठेवलाय, कुलूप आहे, रोज पुसतो. सकाळ-संध्याकाळ स्वतः रचलेली कवनं त्याच्यापुढे म्हणतो, मात्रा इकडची तिकडे होऊ देत नाही. जन्मभर पोरांकडून कविता पाठ करून घेतल्या, त्या साऱ्या बागेची फुलं त्याच्या पायांवर वाहिली. आणि हा माझ्या घरातून पाऊल बाहेर टाकायला तयार नाही.

तू त्याच्याशी काय बोलतेस ते लिही. लपवू नकोस.

तुझ्या नवऱ्याची, सिक्स्तोची खुशाली कळव. माया आहेच, ती वाळू देऊ नये.

तुझा थोरला,
अनाक्लेतो


पांगलाव, ता. १३ ऑक्टोबर

ती. मानोयला पेताचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले. लहानपणी माझ्या वाट्याचा बिबिंगका केकचा तुकडा तू डोळ्यांनी मापायचास, तसाच राहिलास.

मी काय बोलणार? मला कुठे तुझ्यासारखं बोलता येतं? चुलीशी उभ्या उभ्या म्हणते, मेल्या, पुन्हा चिखलातून आलास, सर्दी झाली तर तुझ्या आईला मी काय तोंड दाखवू. शेजारीण भांडली तर तिची तक्रार त्याच्याकडे. मासे खारट झाले तर तेही त्यालाच सांगते. फादरनी ऐकलं तर कपाळाला हात लावतील. देवाने मला मूल दिलं नाही, तेव्हा तो स्वतःच आला, असं मी धरून चालते. बाकी मला काही ठाऊक नाही.

आता काळजीचं. सिक्स्तो अंथरुणाला खिळलाय. छाती भरलीय, ताप हटत नाही, डॉक्टर औषध देतात आणि मान हलवतात. त्याचा देव तुला माहीत आहे. सुकाणू धरून बसलेला म्हातारा, तोंडातून शब्द नाही, होडी मात्र किनाऱ्याला लागते. त्यामुळे सिक्स्तोने जन्मात काही मागितलं नाही. परवा पहिल्यांदा मागितलं. म्हणाला, निन्योला आण, त्याचे पाय एकदा हातात धरू दे. थोड्या दिवसांसाठी पाठव ना, मानोय. लाँचवर आमच्या ओळखीचा माणूस आहे, जपून आणेल.

उत्तराची वाट बघत,
तुझी पेता


दुमागेते, ता. २१ ऑक्टोबर

चि. पेता हिस अनेक आशीर्वाद.

सिक्स्तोचं वाचून जीव खाली-वर झाला. पण निन्यो पाठवता येणार नाही. ठरल्याप्रमाणे सणापर्यंत तो माझा. तिकडे आला की दुसऱ्या दिवशी बूट चिखलाचे, सिक्स्तो उठून बसलेला, आणि सारं पांगलाव म्हणणार, पेताच्या निन्योने केलं. मग मी इतके महिने काच पुसली ती कशाला?

तुला तो लेकरू म्हणून भेटतो, सिक्स्तोला खलाशी म्हणून. माझा देव कसा आहे सांगू? शाळा-तपासनिसासारखा. न सांगता येतो, मागच्या बाकावर बसतो, वहीत काहीतरी लिहितो आणि न बोलता निघून जातो. मी फळ्याकडे तोंड करून आयुष्यभर त्याच्या लेखणीचा आवाज ऐकत आलो. त्याने एकदा तरी मान वर करावी म्हणून कवनं रचली. आणि तोच तुझ्या चुलीशी उभा राहून शिव्या खातो, वर रात्री आनंदाने हिंडून येतो. पेता, मी कुणाच्या घरादाराचा हेवा केला नाही. याचा करतो.

सिक्स्तोसाठी बारा कडव्यांची प्रार्थना रचलीय, ती सोबत जोडली आहे. सावकाश वाचून दाखव. यती सांभाळ, थांबायच्या जागीच थांब.

रागावलीस तरी विसरू नये, ही विनंती.

अनाक्लेतो


पांगलाव, ता. ३० ऑक्टोबर

ती. मानोयला सा. न.

कडवी वाचून दाखवली. तिसऱ्यालाच सिक्स्तोला झोप लागली. औषधाने लागत नव्हती, तेव्हा मेहनत वाया गेली असं समजू नकोस.

हेव्याचं म्हणतोस तर माझाही ऐक. मिरवणुकीत आई निन्योला तुझ्याच हाती द्यायची. माझे हात चुलीचे काळे, म्हणून मी मागे मेणबत्ती घेऊन. चर्चमध्ये तू प्रार्थना म्हणायला लागलास की बायका डोळे पुसायच्या, आणि माझ्या तोंडून ‘आमच्या स्वर्गातील बापा’सुद्धा अर्धीच फुटायची. मला वाटायचं, देवाला मानोयचीच भाषा कळते. तुझ्यासमोर बोलायची लाज वाटे, म्हणून मी त्याच्याशी स्वयंपाकघरात बोलायला लागले.

आणि एवढा शिकलेला तू. पोराला कुलपात घालतोस आणि वर तो हिंडत नाही म्हणून रडतोस? आई रात्री दार नुसतं ओढून घ्यायची. कडी घातलेली कधी पाहिलीस का, आठव. मीही घालत नाही.

सिक्स्तोचा ताप चढतोय. आता तो मागत नाही, नुसता दाराकडे बघतो. माझ्या लग्नात तू म्हणालास, या कोळ्याचा उंबरा चढणार नाही. तो शब्द तू पाळलास, मी कधी काही बोलले नाही. तू येऊ नकोस. त्याला तरी येऊ दे.

पेता


दुमागेते, ता. ६ नोव्हेंबर

चि. पेता हिस आशीर्वाद.

तू म्हणालीस तसं कपाट उघडलं. दाराची कडीही काढली. चोराच्या भीतीने डोळ्याला डोळा नाही. सकाळी बूट पाहिले, कोरे. दुसऱ्या दिवशीही कोरे.

मग नेहमीसारखा कवन म्हणायला उभा राहिलो तर पहिली ओळच आठवेना. पाठ नसलं की ज्या मुलांना मी बाकावर उभं करत असे, त्यांच्यासारखी माझी अवस्था. तोंडातून एवढंच निघालं, का रे, माझ्याकडे राहून कंटाळलास का. पुढे काही सुचलं नाही. पण पेता, लेखणीचा आवाज आला नाही.

तरी पाठवत नाही. लाँचवरच्या परक्या माणसाच्या हाती त्याला द्यायला माझं मन घेत नाही.

अनाक्लेतो


पांगलाव, ता. ९ नोव्हेंबर

मानोय,

तुझं पत्र आत्ता हाती पडलं. नमस्कार लिहीत नाही, हात उचलत नाही. म्हणे परका माणूस. ज्याला तू परका म्हणतोस त्याने कालपासून सिक्स्तोच्या उशाशी बसून माझ्याबरोबर रात्र काढली. सकाळी फादर येऊन शेवटचं पवित्र तेल लावून गेले. सिक्स्तोला माणसं ओळखू येतात, पण बोलत नाही. आता मी निन्यो मागणार नाही. तुला लखलाभ. कपाट बंद कर, दोन कुलपं लाव, आणि बूट कोरे राहिले की मला

थांब. कुणीतरी दार ठोठावतंय. या गावात दार ठोठावतं कोण? सगळे लोटून आत येतात.

खिडकीतून बघितलं. ओहोटी आहे, होडी लांबच थांबली असणार. माणूस गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलाय, मास्तरांची पांढरी विजार ओळखू येत नाही. छातीशी टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी, लेकरू धरावं तसं. खालून दोन छोटे बूट बाहेर आलेत. वाटेत दम खायला कुठेतरी त्याला खाली उभं केलं असणार, कारण बूट चिखलाने माखलेत आणि झग्याच्या काठाला कुसळं आहेत.

मानोय, हे पत्र आता टपालात टाकत नाही. सिक्स्तो दाराकडेच बघतोय. कडी नाही. लोट, आणि उंबरा चढ.