ऐच्छिक जुगराफिया

३ जून १९४०
पुढे माझं नाव झालं की हे लागेल, म्हणून लिहायला घेतलं. आज सरकारी हायस्कुलात मास्तरांची बैठक. मी सुचवलं, वरच्या वर्गातल्या पोरांना एक विषय स्वतःच्या मनानं निवडू द्या. सदर मुदर्रिस, म्हणजे आमचे हेडमास्तर, जांभई देत म्हणाले, "काशीनाथराव, आपही बना डालो." केवढा विश्वास! त्यांच्यानंतर त्या खुर्चीत कोण, हे आता उघडच आहे.

५ जून
आराखडा तयार. शेतकी, सुतारकाम, चित्रकला, भूगोल. यांतून एक. भूगोल माझा, दप्तरात त्याला जुगराफिया म्हणतात. आजवर सक्तीचा होता, म्हणून पोरांना आवड दाखवायची संधीच मिळाली नाही.
घरी बायको, कावेरी, म्हणाली, "अहो, सक्तीचा हाय ते बरं हाय की. कशाला हात लावायलात?" तिला शिक्षणशास्त्र समजावलं. ती भाजी निवडत राहिली.

८ जून
भूगोलाला गर्दी होणार. हॉल मागून घेतला. चित्रकलेच्या मुंजाजी मास्तरांना व्हरांडा दिला. गरीब माणूस. म्हणाले, "चालतंय की, उजेड लय चांगला येतो." वाईट वाटलं. दोन-तीन पोरं तुमच्याकडे वळवीन, असं आश्वासन दिलं.

१७ जून
शाळा उघडली. पोरांना निवड समजावली. मागून कुणीतरी विचारलं, "मास्तर, परीक्षा कशाकशाची हाय?" चित्रकलेची लेखी परीक्षा नाही, हे प्रामाणिकपणे सांगून टाकलं.

१८ जून
हॉल रिकामा. व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नाही. हवा दमट आहे, पोरं मोकळ्यावर बसणारच.

२० जून
विद्यार्थी आला! आबासाहेब वकिलांचा भुजंग. त्याला गोदावरी उगमापासून गंगाखेडपर्यंत शिकवली. मन लावून ऐकलं. तास संपल्यावर म्हणाला, "व्हरांड्यात जागा झाली की जातो मी."

२४ जून
जागा झाली. म्हणजे मुंजाजी मास्तरांनी हॉल मागितला, मी दिला. आता व्हरांड्यात मी. भुजंग हॉलमध्ये. उजेड खरंच चांगला येतो.

१ जुलै
हेडमास्तर साहेबांनी बोलावलं. बढतीचं असणार म्हणून कोट घालून गेलो. खात्याकडून विचारणा आली होती, ज्याच्या वर्गात पोरं नाहीत त्या मास्तराला पगार कशाचा? साहेब म्हणाले, "आपकी स्कीम लाजवाब है. बस, आप जादा हो गए." चुडाव्याला बदली. प्राथमिक शाळा, मास्तर एकच.
कावेरीला सांगितलं, खात्याला पायाभरणीसाठी अनुभवी माणूस हवा होता. तिनं भांडी बांधायला घेतली.

१५ जुलै, चुडावा
इथं सगळं माझ्या हाती. नवं वेळापत्रक भिंतीवर लावलं. ते फळ्यावर समजावत होतो. गाडीची शिटी झाली. मागे वळलो तर वर्गात कुणी नाही. सगळे स्टेशनवर.

१६ जुलै
दार लावून घेतलं. खिडकीतून गेले.

१७ जुलै
गाडीच्या वेळेला सुटी, असं मीच वेळापत्रकात घातलं. आता ते माझ्या हुकमानं जातात. शिस्त आली.

१९ जुलै
रिकाम्या वर्गात बसून करायचं काय? मीही गेलो. गाडी लेट होती. पोरांनी बाकावर सरकून जागा दिली. बसलो.